ड्रायव्हर गेलाय!

गेल्या रविवारी मी आयुष्यात पहिल्यांदा घरातला दिवा बदलला. हसू नका. वय वर्षं सत्तावीस, हुद्दा सीनियर सॉफ्टवेअर इंजिनिअर, आणि घरच्या दिव्याला आजवर हात लावलेला नव्हता. त्यातून मी वायरमनचा मुलगा. वीज मंडळात चौतीस वर्षं काढलेल्या वायरमनचा! म्हणजे साताऱ्यातल्या हलवायाच्या पोराने कधी कंदी पेढा चाखलेला नसावा, तसं काहीसं.

तर झालं असं...

शुक्रवारी रात्री हिंजवडीतून निघून, खंबाटकी ओलांडून, साताऱ्यात घरी पोचेपर्यंत साडेअकरा वाजले. हातपाय धुवायला बाथरूममध्ये शिरलो आणि बटण दाबलं. अंधार. पुन्हा दाबलं. पुन्हा अंधार. (आमच्या धंद्यात एखादी गोष्ट चालली नाही, की तीच गोष्ट तशीच परत करून बघायची पद्धत आहे.)

"आई, लाइट गेलाय बाथरूमचा."

"हो रे. मोबाइलचा टॉर्च लाव आणि ठेव खिडकीत."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की मला वाटलं आजच गेला असेल. सकाळी चहा घेताना तिच्या डाव्या मनगटाला बँडेज दिसलं. विचारलं तर म्हणे, "काही नाही, जरा पाय सरकला." कुठे सरकला? बाथरूममध्ये. कधी? पंधरा दिवस झाले. आणि दिवा कधी गेला? पाच आठवडे!

पंधरा दिवसांत मी तिच्याशी निदान सात-आठ वेळा व्हिडिओ कॉलवर बोललो होतो. तिनं प्रत्येक वेळी फोन उजव्या हातात धरला आणि डावा हात चौकटीबाहेर ठेवला. आणि वर मलाच विचारत होती, "जेवलास का?"

आता तुम्ही म्हणाल, घरात वायरमन असताना पाच आठवडे अंधार कसा? सांगतो. बाबा २०२१ साली रिटायर झाले. यंदा पावसाळ्यात त्यांना चक्कर यायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, कानातला तोलाचा प्रॉब्लेम आहे, गोळ्यांनी बरं वाटेल, पण शिडी, स्टूल, खुर्चीवर चढणं बंद. मग बाहेरून कुणाला तरी बोलवा ना! तर ते मान्य नाही. "चौतीस वर्षं खांबावर चढलो, आणि माझ्या घरात दुसरा वायरमन येऊन दिवा बसवणार?" त्यावर आई म्हणाली, "मग बसा अंधारात." आणि बसले दोघं अंधारात. एक हट्टाने, एक रागाने. मधल्यामध्ये मनगट गेलं.

मी म्हटलं, मी बदलतो. काय असतं त्यात? बल्बच ना!

बाबा फक्त हसले.

*

आमच्या शाहूपुरीतल्या फ्लॅटच्या बाथरूमला फॉल्स सीलिंग आहे. शोभेसाठी नव्हे, तर वरच्या मजल्यावरच्यांच्या बाथरूमचे सांडपाण्याचे पाइप आपल्या डोक्यावरून जातात, ते दिसू नयेत म्हणून. त्या पीओपीच्या छतात गोल भोक पाडून चपटा दिवा बसवलाय. पत्र्याची रिंग, पांढरी काच. खालून बघितलं तर ना स्क्रू, ना फट, ना होल्डर. उघडायचं कुठून तेच कळेना. मी तो फिरवून बघितला, दाबून बघितला. शेवटी दारातून आवाज आला, "फिरवू नकोस. तो बल्ब न्हाय."

आमच्या जुन्या घरात साधा पिनचा होल्डर होता. दाबा, फिरवा, सोडा. बल्ब गेला की दुकानातून साठचा बल्ब आणायचा, लावायचा, झालं. आतली तार तुटली की ती कानाजवळ हलवून ऐकायची, किण् किण् वाजली की गेला. निदान करायला लहान पोरही पुरत असे. मग सीएफएल आले. मग २०१५ च्या जानेवारीत उजाला योजना आली आणि पुढे देशभरात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. पण त्यांनाही जुनाच होल्डर चालायचा.

छतात बुडवलेल्या या चपट्या दिव्यात मात्र बल्ब नावाची वस्तूच नाही. आतल्या चकतीवर एलईडीच्या बारीक चिप्स कायमच्या डकवलेल्या असतात. चिप असते निळ्या उजेडाची, तिच्यावर पिवळसर लेप असतो, आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा उजेड दिसतो. त्या निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणजे आमच्या मातोश्री ज्या दिव्याला "मेला एकदाचा" म्हणत होत्या, तो नोबेलवाला दिवा होता!

आता त्या चिप्सना घरातले २३० व्होल्ट थेट चालत नाहीत. त्यांना लागतो बेताच्या व्होल्टेजचा आणि ठरावीक मिलिअँपिअरचा डीसी करंट. तो करून द्यायला एक काडेपेटीहून जरा मोठी डबी असते. ती छताच्या वर, अंधारात पडलेली असते. तिचं नाव ड्रायव्हर.

"चिप सहसा मरत न्हाय," बाबा म्हणाले. "ड्रायव्हर मरतो."

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. ड्रायव्हर गेलाय! हे वाक्य मी कॉलेजच्या हॉस्टेलवर किती जणांच्या लॅपटॉपकडे बघून म्हटलंय.

*

इथे जरा मागे जायला हवं. मी विजेचं काम का शिकलो नाही, ही गोष्ट राहिलीच.

मी दहा वर्षांचा होतो. २००८ साल. भारनियमनाचे दिवस. साताऱ्यासारख्या जिल्ह्यात, जिथे कोयना आहे, तिथेही दिवसाचे तासन् तास वीज नसायची. कोयनेची एकूण क्षमता १,९६० मेगावॅट. परवा मी सहज हिशोब केला, आमच्या बाथरूमचा दिवा १२ वॅटचा, म्हणजे कोयना पूर्ण जोरात चालली तर असे १६ कोटी ३३ लाख दिवे लागतील. पण त्या काळात आम्ही अभ्यास कंदिलावर केला. असो.

तर त्या वर्षी बाबांच्या बरोबरचा एक वायरमन खांबावर गेला. लाइन बंद होती. रीतसर परमिट घेतलेलं होतं, सबस्टेशनातून सप्लाय तोडलेला होता. पण गावात कुणीतरी आपला जनरेटर सुरू केला, आणि त्याला चेंजओव्हर स्विच नव्हता. जनरेटरची वीज घरातून उलटी तारेवर गेली, तारेवरून डीपीत गेली. डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर. तो एरवी ११ हजार व्होल्टचे खाली उतरवून देतो. उलट्या बाजूने वीज घातली तर तो तितक्याच इमानाने ती वर चढवतो. त्याला काय, आकडेमोड तीच.

मला आठवतं ते एवढंच, की त्या रात्री बाबा उशिरा आले आणि अंगणात पायरीवर बसून राहिले. काकांचा मुलगा माझ्या वर्गात होता.

त्यानंतर घरात बाबांनी काही उघडलं की मी फक्त बॅटरी धरायची. "इकडं मार... हातावर नको, तारेवर मार... आरं, माझ्या डोळ्यात कशाला!" बोर्डाला हात लावायला गेलो की "तू कंप्युटर शिक." आणि मी खरोखरच शिकलो. सांगलीला इंजिनिअरिंगला गेलो, पहिल्या वर्षी बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये चांगले मार्क पाडले, तीन फेजचे फेझर काढले. घरातला एक बोर्ड मात्र उघडला नाही.

बाबांना जवळून काम करताना मी नीट बघितलं ते सांगलीतच. ऑगस्ट २०१९ चा पूर. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट, आणि कृष्णा त्या वेळी ५७ फुटांच्या वर गेली होती. गावभागात मामाच्या घरात तळमजला पूर्ण पाण्यात. पाणी ओसरल्यावर बाबा रजा टाकून साताऱ्याहून आले. घरात घोटाघोटा चिखल, भिंतीवर पाण्याची रेघ, आणि सगळ्यांना एकच घाई, वीज आली की मोटर लावून घर धुवायचं. बाबांनी आधी मेनच्या बोर्डाला स्वतःचं कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली. मग एकेक बोर्ड उघडला, आतला गाळ धुतला, सॉकेट काढून फेकले, पाइपांतली वायर ओढून बदलली. चार दिवस लागले. मामी चिडली, मामा कुरकुरला. बाबा म्हणायचे, "पाण्यातनं वाचलासा, आता करंटनं मरायचं हाय का?"

मी चारही दिवस बॅटरी धरून उभा होतो. एकदा विचारलं, मेन बंद आहे, कुलूप आहे, किल्ली तुमच्या खिशात आहे, तरी दर वेळी टेस्टर कशाला लावता? ते म्हणाले, "मेन बंद हाय हे मला ठाऊक हाय. तारेला ठाऊक हाय का ते बघतो."

*

तर शनिवार, सकाळचे अकरा. बाथरूमच्या मध्यभागी लाकडी स्टूल. स्टुलावर मी, पायांत रबरी स्लिपर. दारात खुर्ची टाकून बाबा, हातात माझ्या मोबाइलचा टॉर्च. हो! या वेळी बॅटरी त्यांच्याकडे होती. आणि खरं सांगू, त्यांनाही ती नीट धरता येत नाही.

त्यांनी आधी मला हॉलमधल्या फ्रिजच्या प्लगमध्ये टेस्टर घालून बघायला लावलं. पेटला. म्हणजे टेस्टर चांगला. मग म्हणाले, मेन बंद कर. केला. फ्रिज घुर्र करून थांबला.

चपटा दिवा काढायची युक्ती अशी, की रिंगच्या कडेखाली पातळ पट्टी सरकवायची, दिवा सरळ खाली ओढायचा आणि दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगच्या पट्ट्या बोटांनी धरायच्या. त्या स्प्रिंगच दिव्याला छतात अडकवून ठेवतात. धरल्या नाहीत, तर उंदराच्या सापळ्यासारख्या बोटावर बसतात. पहिली मी धरली. दुसरी बसली. (अंगठा अजून निळा आहे.)

दिवा वायरवर लोंबकळत खाली आला आणि वरच्या भोकातून ओलसर वास. हात घालून ड्रायव्हरची डबी ओढली. पत्रा गंजलेला. डबीच्या मागे घरची वायर आणि ड्रायव्हरची वायर नुसती पीळ देऊन, वर चिकटपट्टी गुंडाळून जोडलेली. ओलाव्याने पट्टी सुटून लोंबत होती आणि तांबं उघडं पडलं होतं. मी तो पीळ सोडवायला हात पुढे केला.

"टेस्टर."

"बाबा, मेन बंद आहे. फ्रिज बंद झालेला ऐकलात ना तुम्ही."

"मला सांगू नकोस. टेस्टर लाव. स्टुलावर मंद पेटतो, नीट बघ."

मला थोडा कंटाळाच आला. खरं सांगतो. आमच्याकडे शुक्रवारी संध्याकाळी कुणी "टेस्टिंग झालं का?" विचारलं की येतो ना, तोच कंटाळा. पण खिशातून टेस्टर काढला आणि तांब्याला लावला.

पेटला.

मंद. केशरी. पण पेटला.

दोन सेकंद मला काही कळलंच नाही. मी खाली बाबांकडे बघितलं. त्यांच्या हातातला टॉर्च हलत होता.

"उतर," ते म्हणाले. "हळू उतर."

मग आम्हा दोघांनाही एकदमच ऐकू आला... मागच्या गॅलरीतून, बंद दाराआडून, बारीक गुंगुं आवाज. इन्व्हर्टर! मेन गेल्याबरोबर त्याने आपलं काम चोख केलं होतं आणि घरातल्या सगळ्या दिव्यांना सप्लाय सुरू केला होता. थंडीचे दिवस, पंखे बंद. भर दिवस, दिवे बंद. कळणार कुणाला? आणि बाथरूमचं बटण? ते चालूच होतं. आईनं सकाळी आंघोळीला जाताना दाबलं होतं. पाच आठवडे दिवा लागत नाही हे माहीत असून ती रोज सवयीने बटण दाबायची आणि मग अंधारात आत जायची.

बटण बघायचं मी विसरलो. ठीक आहे, मी नवशिका. पण घरात इन्व्हर्टर आहे हे बाबा विसरले. २०१७ साली तो त्यांनीच, स्वतःच्या हाताने जोडलाय.

ते खुर्चीत बसून राहिले. रागावले नाहीत, "बघ, सांगत होतो" म्हणाले नाहीत. बराच वेळ त्यांनी नुसता टॉर्च चालू-बंद केला. मग म्हणाले, "असंच झालं होतं त्याचं. सगळं बंद होतं."

मला सतरा वर्षांपूर्वीची ती पायरी आठवली. मी काही बोललो नाही. काय बोलणार? गॅलरीत जाऊन इन्व्हर्टर बंद केला, बाथरूमचं बटण बंद केलं, परत आलो. स्टुलावर चढलो. न सांगता टेस्टर लावला. दोनही तारांना. अंधार.

"आता सोडव," बाबा म्हणाले.

*

पुढचं सोपं होतं, म्हणून पटकन सांगतो.

काढलेला दिवा बाबांनी टेबलावर घेतला. त्यांच्या खजिन्याच्या डब्यात (जुना बिस्किटांचा, घरोघरी असतो तो) एक चांगला ड्रायव्हर निघाला, पण लहान दिव्याचा. तो जोडून बघितला तर चकती फिकी का होईना, लागली. म्हणजे चिप्स जिवंत. नुसत्या तपासणीपुरतं हे चालतं, कायमचा मात्र जोडीचाच ड्रायव्हर लागतो. मग भिंग घेऊन गंजलेल्या डबीवरचं लेबल वाचलं. दोन आकडे जुळायला हवेत, आउटपुटचे मिलिअँपिअर आणि व्होल्टेजची रेंज. आमचा ३०० मिलिअँपिअरचा. नुसतं "बारा वॅटचा द्या" म्हणून आणला, तर चिप्स जळू शकतात किंवा दिवा लुकलुकत राहतो.

संध्याकाळी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "कशाला खटपट करताय साहेब, अख्खं फिटिंगच घ्या की." मला मोह झाला. पण नव्या फिटिंगचं भोक जुन्याशी जुळेल याची खात्री नाही. लहान पडलं तर पीओपीवाला बोलवा, मोठं पडलं तर करवत. ड्रायव्हर मिळाला नव्वद रुपयांना. शिवाय पट्टीऐवजी वायर जोडायचे कनेक्टर घेतले.

आता आमच्या भाषेत सांगायचं तर रूट कॉज. खोक्यावर २५ हजार तास लिहिलेला दिवा चार वर्षांत का जातो? ड्रायव्हरमध्ये एक इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, त्याच्या पोटात ओलसर द्रव. उष्णतेने तो सुकत जातो. ढोबळ हिशोब असा, की तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य निम्मं. बंद छताच्या वर वारा नाही, खालून गीझरच्या पाण्याची वाफ. आणि आमच्याकडे भरीला भर म्हणजे वरच्यांच्या पाइपाच्या सांध्यातून थेंब थेंब पाणी. ते मोबाइल आत घालून काढलेल्या फोटोत दिसलं. वरच्या काकूंना फोटो दाखवला. त्यांनी त्याच संध्याकाळी प्लंबरला फोन लावला. नुसता ड्रायव्हर बदलला असता तर दोन वर्षांनी परत तेच.

रविवारी सकाळी प्लंबर सांधा करून गेल्यावर मी परत चढलो. मेन, इन्व्हर्टर, बटण, टेस्टर. ड्रायव्हर सांध्यापासून लांब, कोरड्या बाजूला सरकवला. या वेळी दोन्ही स्प्रिंग धरल्या. दिवा खट्कन वर बसला.

बाबा खुर्चीतून उठले, भिंतीला धरून बटणापाशी गेले. "लावू?"

लागला. लख्ख!

आई ओला हात पदराला पुसत आली, आत डोकावली, छताकडे बघितलं, मग खाली बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, टाइल्स किती कळकट झाल्यात! पाच आठवडे दिसलंच नाही." दिव्याबद्दल एक शब्द नाही. मग जरा वेळाने माझ्या निळ्या अंगठ्याला तिनं हळद लावली. एका बँडेजवाल्या हाताने.

निघायच्या आधी मी एक कागद छापून मेन स्विचशेजारी चिकटवला. मोठ्या अक्षरांत: "१. मेन. २. इन्व्हर्टर. ३. बटण. ४. टेस्टर." बाबांना राग येईल असं वाटलं होतं. त्यांनी चष्मा लावून तो वाचला. खिशातून पेन काढलं, आणि चार नंबरखाली दोन रेघा ओढल्या.

बसमध्ये बसलो तोच आईचा फोन. मागे बाबांचा मोठा आवाज ऐकू येत होता. सांगलीला मामाशी दुसऱ्या फोनवर बोलत होते. "...न्हाय न्हाय, बाहेरचा कशाला? पोरानं बसवला. व्हय, एकट्यानं. मी नुसती बॅटरी धरली."

मामाच्या जिन्यातला दिवा तीन महिने बंद आहे म्हणे. पुढचा शनिवार सांगलीला.

टेस्टर मी बरोबर घेऊन आलोय. बाबांचाच. त्यांनी दिला.